एबो अबायदूचं गप्प उभं राहणं

अराबा क्वान्साचं नाट्यपरीक्षण घानाची राजधानी अक्रा इथल्या एका दैनिकात दर शुक्रवारी यायचं, आणि नाटकवाले ते धाकधुकीनेच उघडायचे. या खेपेला तिने एबो अबायदूला धारेवर धरलं होतं. एबोचं सगळं आयुष्य रंगभूमीवर गेलेलं. नव्या नाटकात तो कोळी झाला होता. बुडालेल्या मुलाचं प्रेत घरी आणतात तेव्हा हा बाप हातातलं जाळं तसंच धरून नुसता उभा राहतो. अराबाने लिहिलं होतं, ‘अबायदू खांबासारखा उभा राहिला. दुःख त्याच्यापर्यंतच पोचलं नाही, मग आपल्यापर्यंत कुठून पोचणार?’

प्रयोगाला शेजारी बसलेली तिची मावशी ते वाचून चिडली. तुझे काका गेले तेव्हा मी चुलीवरचं सूप ढवळत राहिले होते, म्हणाली. अराबाने समजावलं, की घरातलं वेगळं, रंगमंचावर ते दिसावं लागतं.

“तुला दिसलं नाही म्हणजे नव्हतंच का?” मावशीने विचारलं.

वाद तेवढ्यावर मिटला, पण अराबाच्या मनातून जाईना. पुढच्या शनिवारी ती मावशीला घेऊन पुन्हा नाटकाला गेली.

प्रेत आलं. एबोने जाळं भिरकावलं, तो गुडघ्यांवर कोसळला, छाती बडवत त्याने हंबरडा फोडला. प्रेक्षागृहात हुंदके उठले, मग टाळ्यांचा कडकडाट. मावशी मान खाली घालून बसली होती. अराबाचे कान तापले. आपल्याच वाक्याला हा माणूस उत्तर देतोय, हे तिला स्वच्छ कळत होतं.

बाहेर पडताना गर्दीतून एबो सरळ तिच्याकडे आला. तोंडावरचा रंगही पुसलेला नव्हता. मागोमाग दिग्दर्शक हसत आला. आजूबाजूची बोलणी थांबली.

“आता पोचलं का, बाई?”

हो म्हटलं असतं तर सगळेच सुटले असते.

“नाही, पापा एबो,” वडीलधाऱ्याला म्हणतात तसं अराबा म्हणाली.

“तेव्हाही नाही, आताही नाही. तुला हवंय तरी काय?”

“त्या दिवशी मला काही वाटलं नाही, हे खरंच लिहिलं मी,” ती म्हणाली. “पण तुमचा अंगठा जाळ्याची एकच गाठ चाचपत होता. आठवडाभर तो डोळ्यांपुढून हलत नाहीये. तेव्हा मला तो अभिनय वाटलाच नाही, म्हणून लिहिला नाही.”

“तुझं वाचून घरी आरशासमोर उभा राहिलो,” एबो हळू म्हणाला. “मलाही खांबच दिसला.” मग त्याचा आवाज चढला. “आणि आज लोक रडले, ते खोटं?”

“खरंच रडले. चूक त्यांची नाही.”

“मी मागल्या वेळी रडले होते,” मावशी मध्येच म्हणाली.

दिग्दर्शकाचं हसू मावळलं. या रडण्यावर नाट्यगृह भरतंय, तेव्हा ते राहणारच, असं त्याने ठणकावलं. एबो आत निघून गेला.

अराबाने दुसरं परीक्षण लिहिलं. संपादक वैतागला; आधीच्या लेखावर ठाम राहा नाहीतर तो मागे घे, हे अधांतरी काय, म्हणाला. ती हटली नाही. दोन्ही वेळा काय दिसलं, कुठे आपली नजर कमी पडली, हे तिने लिहिलं. पहिला अंक मात्र एबोला अजून सापडलेला नाही, हे पहिल्या परीक्षणातलं मतही तसंच ठेवलं.

लेख आल्यावर दोन-चार दिवसांनी एबोचा फोन आला.

“पहिल्या अंकाबद्दल तू साफ चुकतेस.”

“असेलही.”

“मी पुन्हा गप्प उभा राहतोय. त्यावरून दिग्दर्शक माझ्याशी बोलत नाही.”

लोकांना कसं वाटलं, असं तिने भीत भीत विचारलं. अर्धे खोकत होते, तो म्हणाला, आणि एकजण तर उठून गेला. उरलेल्यांचं काही कळलं नाही. तिने लगेच सांगून टाकलं, की ती शनिवारी येते.

“इतक्यात नको, पोरी,” एबो म्हणाला. “तू समोर असलीस की मी तुझ्यासाठीच करायला लागतो.”

तिला लागलं ते. पण तिने बरं म्हटलं, आणि त्या शनिवारी मावशी एकटीच नाटकाला गेली.