हळदीच्या कपड्यातलं नाणं

शेषाद्रींनी उजवा पाय गाडीच्या तळाशी गच्च दाबला, जसा काही ब्रेक त्यांच्याच बाजूला होता.

“हळू गे अखिला, हळू!”

“अप्पा, पन्नासच आहे.”

पन्नास कसले! कालव्याकाठची नारळाची झाडं एकमेकांत मिसळून पळत होती आणि गाडीचा मागचा रुंद पाइप असा गुरगुरत होता की शेषाद्रींनी दाराची मूठ घट्ट धरली. वीज मंडळातली तीस वर्षं त्यांनी सायकलवर काढली. त्यांच्या लेखी मोपेडसुद्धा उधळलेलं जनावर. आणि त्यांची पोरगी? इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायला लागून दोन वर्षं झाली नाहीत, तर हिला गाडी हवी. तीही नुसती नेणारी-आणणारी नको, पळणारी हवी. डॉक्टरांची जुनी मारुती बघितली, तर म्हणे हिच्यात जीव नाही. फियाट बघितली, तर म्हणे म्हैस. ही लाल झेन मात्र बघताक्षणी मनात भरली. अंगानं हलकी, इंजिन चपळ, त्यात गाडी विकायला काढणाऱ्या कृष्णस्वामींच्या मुलानं, प्रतापसिंहानं, जाड टायर नि तो पाइप हौसेनं बसवून घेतलेला. शिवाय अखिलाला परवडणारी. एवढी परवडणारी कशी, हा किडा सकाळपासून शेषाद्रींच्या डोक्यात वळवळत होता.

“आवाज ऐका अप्पा, कसा घुमतो!”

“ऐकतोय. कान फुटेपर्यंत ऐकतोय.”

“समोरच्या कप्प्यात आर. सी. बुक आहे का बघा.”

शेषाद्रींनी कप्पा उघडला. आर. सी. बुकाच्या मागं, अगदी कोपऱ्यात, हळदीत भिजवून वाळवलेल्या कपड्याची एक पुरचुंडी होती, लिंबाएवढी. त्यांनी ती चाचपली. आत नाणं.

हे काय असतं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. जीव जायची वेळ आली की घरातली बाई असं नाणं बांधते आणि मारियम्मन देवीला म्हणते, एवढा वाचव. वाचला की नाणं तिच्या पुन्नैनल्लूरच्या देवळात जातं. न वाचला तर नदीत. त्यांच्या आईनं दोन्ही केलं होतं. पण गाठ मारलेली आणि तशीच राहिलेली, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे या गाडीत कुणाच्या तरी जिवावर बेतलं होतं. आणि त्याच सीटवर बसून त्यांची एकुलती एक लेक गियर टाकत हसत होती. पुरचुंडी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

“परत फिर.”

“आत्ताच?”

“फिर म्हणतो ना!”

कृष्णस्वामी अंगणात वाटच बघत होते. आपल्यातलेच, इकडं स्थायिक झालेल्या मराठी घरातले, लग्नाकार्यात भेट व्हायची, तेवढीच ओळख. त्यांनी बॉनेट उघडलं, अखिला लगेच आत वाकली. शेषाद्री पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या दाराशी गेले. कृष्णस्वामींच्या बायकोनं, सुंदरीनं, तांब्या पुढं केला. शेषाद्रींनी खिशातली पुरचुंडी तिला दाखवली.

“वहिनी, हे कुणासाठी बांधलं होतं?”

तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं.

“प्रतापला काही झालं का? खरं सांगा. माझी एकच मुलगी आहे.”

“प्रतापला काही झालं नाही हो. बेंगळूरला नोकरीत आहे. खुशाल आहे.”

“मग?”

तिनं अंगणाकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“पुलापलीकडच्या गावात एक बाई गाडीखाली आली. डोक्यावर पालेभाजीची टोपली होती म्हणे. प्रताप थांबला नाही. घाबरला पोर.”

“वाचली ती?”

“कुणाला ठाऊक? ह्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला बेंगळूरला धाडला. मला बजावलं, त्या गावाचं नाव काढायचं नाही. त्या बाईसाठी मी नाणं बांधलं; घरात ठेवलं तर ह्यांना दिसेल, म्हणून गाडीतच दडवलं. आठ महिने झाले, अण्णा. देवळात देऊ, की नदीत सोडू? काय करू मी?”

शेषाद्री पायरीवर टेकले. सकाळपासून त्यांनी डोळ्यांसमोर काय काय आणलं होतं: अखिला खड्ड्यात, अखिला झाडावर आपटलेली, अखिला पांढऱ्या चादरीखाली. गाडीच्या पुढं कुणी असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. आता आलं, आणि पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

ते उठून अंगणात आले.

“अखिला, अजून एक फेरी मारू.”

पुलावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. अॅक्सिलरेटरवरून पाय तिचा आपोआप उचलला गेला, काटा वीसवर आला. पाइप मात्र गुरगुरतच होता.

गावात रस्त्यावर भात वाळत घातलं होतं. गाडी अजून पहिल्या घरापाशीही पोचली नव्हती, तोवर भात हलवणाऱ्या बायका हातातलं टाकून भिंतींना चिकटल्या. एकीनं लेकराला दंडाला धरून वर ओढलं. तो आवाज गावाच्या ओळखीचा होता.

पुढच्या ओट्यावर एक बाई पालेभाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली. मग भाजी तशीच टाकून, भिंतीला धरत, डावा पाय फरफटत ती आत गेली. दार लागलं. आतून कडी घातली गेली.

अखिलानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“अप्पा, तीच का?”

“तीच असणार. वाचली गे, वाचली.” शेषाद्रींनी खिशावर हात दाबला.

“गाडी परत देऊ,” अखिला म्हणाली. “आणि सुंदरीमामींना बसनं इथं घेऊन येऊ. त्यांनी स्वतः बघायला हवं.”

तिनं किल्लीला हात लावला, आणि काढून घेतला.

“अप्पा, इथं चालू करवत नाही मला.”

शेषाद्री खाली उतरले. त्यांनी कमरेची वेष्टी गुडघ्यापर्यंत वर खोचली, गाडीच्या मागं जाऊन दोन्ही तळवे लाल पत्र्यावर टेकले. पाइप अजून पायाला चटका देत होता.

“स्टीअरिंग पूर्ण फिरव, पुलाकडं वळू. भातावरनं नेऊ नकोस.”

गाडी हलली. साठीचा माणूस, धाप लागली, कमरेत कळ आली, तरी ते ढकलत राहिले. येताना लागलेल्या पहिल्या घरापर्यंत गाडी आली, तेव्हा मागं कुठंतरी कडी निघाल्याचा आवाज आला. शेषाद्रींनी वळून पाहिलं नाही. पूल अजून दूर होता.