बर्फ नसलेली पेटी

नंदाने नवऱ्याचं उपरणं ओढलं तरी वेणीमाधव काचेपासून हलले नाहीत. आत, यंत्रावरच्या पारदर्शक पेटीत, कुणा परक्याचं यकृत कोमट रक्तावर जगत होतं. पूर्वी बर्फात घालून घाईघाईने आणत. आता असं जागं ठेवून पारखतात. त्यातून पित्त स्रवू लागलं की रुचाला ऑपरेशनला घेणार होते. लेकीचा जीव त्या पेटीत टांगलेला.

"बसा हो जरा. असं टक लावून नका बघू, दृष्ट लागेल."

"पंडितजी?"

मागे एक गृहस्थ उभा होता. डोळे सुजलेले, हातात तरुण मुलाच्या चपला. काशीत धोतर आणि शेंडी दिसली की माणसं शास्त्र विचारायला येतातच, आणि वेणीमाधवांचा तर जन्म मणिकर्णिकेवर क्रियाकर्म करण्यात गेलेला.

"नीचे गाड़ी में बेटा है, घाट ले जाना है. पर डाक्टर बोले, उसका लिवर इस मशीन में अभी ज़िंदा है. तो हम आग कैसे दें? आप कहें नहीं दे सकते, तो अभी जाकर मना कर देंगे."

धुगधुगी आहे तोवर अग्नी नाही, हेच वेणीमाधव आजवर सांगत आले होते. 'खुशाल द्या' एवढं म्हटलं की झालं. कोण जाब विचारणार होतं? नंदाची बोटं त्यांच्या दंडात रुतली.

"मुझसे मत पूछिए," ते शेवटी म्हणाले. "मेरी बिटिया इसी के भरोसे लेटी है. डर के मारे झूठ बोल दूँगा."

नंदाने डोळे गच्च मिटले.

गृहस्थ कितीतरी वेळ काचेतून बघत राहिला.

"नाम क्या है बिटिया का?"

"रुचा."

त्याने ते नाव पुटपुटून पाहिलं. चपला काखेत धरल्या.

"चलते हैं. आग हम दे देंगे." मग थबकून म्हणाला, "घाट पर घड़ा फेंकने के बाद पीछे मुड़कर नहीं देखते ना?"

"नहीं देखते."

हे तर वेणीमाधवांनी हजारोंना दरडावून सांगितलं होतं.

जिन्यापाशी पोचल्यावर तो गृहस्थ थांबला आणि मागे वळला. त्याला पेटी नीट दिसावी म्हणून वेणीमाधव काचेसमोरून बाजूला झाले.