आपल्याच दुकानात

विनीतानं सप्रेसाहेबांच्या टेबलावरचा विक्रीचा आलेख स्वतःकडे ओढला आणि पुन्हा पाहिला. आकडे काही बदलले नव्हते. कंपनी कॉम्प्युटरवरचे गेम काढायची आणि तिचं स्वतःचं ऑनलाइन दुकान न्यू टाउनच्या या ऑफिसातून चालायचं. पण गिऱ्हाईक सगळं पडीक त्या दुसऱ्या, बड्या दुकानात, आणि ते दर विक्रीतून शंभरातले तीस रुपये कापून घ्यायचं. नवा गेम कुठे विकायचा, ते आज कळवायचं होतं.

"तिकडेही ठेवला, तर आपलं दुकान बंद करू म्हणतायत वरचे," मनोहर सप्रे म्हणाले. "माणसं तुझी आहेत. तूच सांग."

बाहेर तिची माणसं कामात होती. मृणाल तर नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती.

ते बडं दुकान विनीताच्या घरातच होतं म्हणा ना. कंपनीच्या जुन्या गेमचा, आपल्या दुकानातला फुकट कोड तिनं नवऱ्याला, अनीशला, आणून दिला होता, तरी पठ्ठ्यानं तोच गेम तिकडे पैसे मोजून घेतला. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला? त्याची कोल्हापूरची चौकडी तिकडे जमायची, केदार आणि बाकीचे, आणि एका दुकानातल्याला दुसऱ्या दुकानातल्याशी खेळता यायचं नाही. बँकेनं इकडे बंगाली मुलखात बदली केल्यापासून तो पोटभर हसायचा तो तेवढाच, त्यांना शिव्या घालत खेळताना. बाकी दिवसभर कामापुरती हिंदी.

"फक्त आपल्याकडे ठेवू," ती म्हणाली. "ज्याला खेळायचंय तो येईल झक मारत."

घरी सांगितलं तेव्हा अनीश बटाटे सोलत होता.

"आणि जुना गेम?"

"नवा आला की बंद. तुझ्या मित्रांना सांग ना इकडे यायला. नवं खातं उघडायला असे किती कष्ट पडतात?"

"सांगतो."

त्यानं सांगितलं. केदार म्हणाला, एका गेमसाठी कोण दुसरीकडे जातंय, आणि तसंही आता वय झालं. बाकीच्यांनी बघू म्हटलं. जुना गेम बंद झाला तशी चौकडी पांगली. फोन व्हायचे, पण सणावाराला.

नवा गेम बेताचाच खपला, तरी दुकान वाचलं. मृणालनं सगळ्यांना संदेश वाटले, इकडची छेन्याची मिठाई. विनीतानं अनीशसाठी दोन घरी आणले.

तो खोलीत खेळत होता. आतून आवाज नाही. तिनं लॅपटॉप उघडला तर कंपनीच्याच दुकानाचा निरोप आलेला: अनीशनं तुम्हाला खेळायला बोलावलं आहे. इतकी वर्षं गेम विकून ती एकही कधी खेळली नव्हती. ती मिठाई घेऊन आत गेली.

"अरे, मला काय बोलावतोस? मला कुठे येतं?"

"माहितीये." त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "पण तुमच्या दुकानात माझ्या ओळखीचं दुसरं कोण आहे?"

तिला फार वाईट वाटलं. ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.