शिंप्याच्या हाती लागलेला कार्बुरेटर

मी कार्बुरेटर बोलतोय. लहानशा बोटीच्या मागे जे इंजिन लटकतं, त्याच्या झाकणाखाली मी असतो. आकाराने मुठीएवढा. टाकीतून पेट्रोल येतं, बाहेरून हवा येते, दोघांना बेताने मिसळून मी इंजिनाला भरवतो. स्वयंपाक माझा आणि नाव इंजिनाचं. त्याची मला खंत नाही, मला फक्त भीती वाटते. पाण्यावर बंद पडलं तर खाली उतरून ढकलता येत नाही, हे कारखान्यातून निघालो त्या दिवसापासून मला ठाऊक आहे.

माझ्या मालकीणबाई नर्स आहेत. आठवड्यातून तीनदा त्या खाडीपलीकडच्या दवाखान्यात जातात. त्यांचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपाला टांगलेलं आमचं इंजिन. बोट बाई चालवतात, देखभाल शिंपीदादा करतात. पोहता फक्त बाईंना येतं. शिंपीदादा धक्क्यावरसुद्धा काठापासून चार पावलं मागेच उभे राहतात.

मध्ये बाईंचं मनगट मोडलं आणि आम्ही दोन महिने घरी बसलो. बसून राहणं मला मानवत नाही. माझ्या तळाशी एक वाटी आहे, तिच्यात उरलेलं पेट्रोल आधी काढून टाकायचं असतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. ते पेट्रोल सुकत सुकत डिंकासारखं चिकट झालं आणि माझ्या जेटमध्ये जाऊन बसलं. जेट म्हणजे पितळेचा छोटासा स्क्रू, मधोमध अगदी बारीक भोक. वेग वाढवला की पेट्रोल तिथूनच यावं लागतं.

बाई कामावर परतायच्या आदल्या दिवशी शिंपीदादांनी मला उघडलं. जेट उजेडाकडे धरला, पलीकडचं दिसेना. अशा वेळी तो साफ करायच्या औषधात भिजवायचा आणि हवेने फुंकायचा, आत काही खुपसायचं नाही, ही साधी रीत. पण ज्याने उभा जन्म सुईदोऱ्यात काढला, त्याला भोक दिसल्यावर दुसरं काय सुचणार? त्यांनी सुई घातली, टोचली, फिरवली, आणि ती कट्‌कन मोडली. टोक आतच राहिलं.

त्यांनी उरलेली सुई उजेडात धरून पाहिली. मग ती खिशात टाकली, मला बंद केलं आणि पिंपातच इंजिन सुरू केलं. मंद चालीला पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतं, त्यामुळे मी छान गुरगुरलो. वेग मात्र त्यांनी वाढवून पाहिला नाही. शेजारचं बाळ झोपलं होतं, हे एक कारण. दुसरं त्यांचं त्यांना ठाऊक.

"झालं का हो?" बाईंनी आतून विचारलं.

"झालं साफ," ते म्हणाले.

मला ओरडून सांगायचं होतं. मला तोंड आहे, पण त्यातून फक्त हवा आत जाते.

सकाळी निघालो. खाडीच्या मध्यावर मालवाहू जहाजांची वाट आहे, ती झटकन ओलांडावी लागते. बाईंनी वेगाची मूठ पिळली. मला पेट्रोल हवं होतं, ते आलंच नाही. मी खोकलो, दोन आचके दिले आणि बंद पडलो. सगळं चिडीचूप झालं, आणि डावीकडून भोंगा वाजला.

एवढं मोठं जहाज आमच्यासाठी थांबू शकत नाही. बाईंनी दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. मूठ पिळली, बंद पडलं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू त्यांनी पाहिला, तो उघडाच होता. नळीवरचा रबरी फुगा दाबला, तो घट्ट होता, म्हणजे पेट्रोल माझ्यापर्यंत येत होतं. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी जवळून. नुकत्याच जुळलेल्या मनगटाने त्या दोरी ओढतच राहिल्या. मी तळाला गेलो तर एक धातूचा तुकडा गेला. त्या गेल्या तर? माझा जीव टांगणीला लागला होता.

मग त्यांनी चोक, म्हणजे माझी हवा अडवणारी झडप, अर्धा ओढला. माझा श्वास कोंडला, पण त्या ओढीने सुईच्या बाजूने पेट्रोलचे चार थेंब जास्त आले. ठेचकाळत, रडतखडत आम्ही पलीकडे सरकलो. जहाज मागून गेलं, तेव्हा लाटेने बोट इतकी कलली की बाईंची औषधांची पेटी पाण्यात गेली.

दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढून आणलं. सगळं ऐकून शिंपीदादा खाली बघत म्हणाले, "प्लग बदलून बघू." आजार रेड्याला आणि औषध पखालीला. बाईंनी सरळ मिस्त्रीला बोलावलं. त्याने जेट भिजवला, फुंकला आणि तळहात पुढे केला.

"सुईचं टोक आहे हे. कोणी घातलं?"

शिंपीदादा म्हणाले, "मी."

"मोडलेलं कळलं नव्हतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"कळलं होतं."

"मी निघाले तेव्हासुद्धा?"

"दारात उभा होतो. हाक मारणार होतो." मग म्हणाले, "शिंप्याच्या हातून सुई मोडली, हे सांगायची लाज वाटली गं."

मिस्त्री मान खाली घालून नवा जेट बसवत राहिला. तो गेल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "परवा तुम्ही माझ्याबरोबर येताय."

आज तो परवा आहे. तुम्हा माणसांना माझी एकच विनवणी आहे. हातून चूक होते, होऊ द्या. पण माझ्या आत काय मोडलंय ते, जो पाण्यावर निघालाय त्याला निघण्याआधी सांगा. लाज दोन दिवसांत विरते हो.

आम्ही जहाजांच्या वाटेशी पोचलोय. शिंपीदादा दोन्ही हातांनी फळी धरून बसलेत, चेहरा पांढराफटक. बाई मूठ पिळतायत. जेट नवा आहे, वाटी स्वच्छ आहे, तरी मी घाबरलोय. पण आज या बोटीत माझ्याइतकंच घाबरलेलं आणखी कोणीतरी आहे, आणि ते माझा एकेक श्वास कान देऊन ऐकतंय.