फ्रेडरिककाकांचा फौजदार

संपदा पापडी गावातल्या केळीच्या वाडीत लहानाची मोठी झाली. केळी विकत आणावी लागतात, हे तिला बावीस वर्षं माहीतच नव्हतं. २००२ च्या सप्टेंबरात ती एम.एस्सी. करायला स्कॉटलंडमध्ये डंडीला गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने दुकानातून एक केळं विकत घेतलं. गुळगुळीत, एकही डाग नसलेलं, वर निळं लेबल चिकटवलेलं. खोलीवर येऊन तिने एक घास घेतला आणि ती ढसाढसा रडली.

तिथे सहा मुलींत एक स्वयंपाकघर होतं. वरणाला फोडणी दिली की छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायचा, म्हणून वरण बिनफोडणीचं. वर्गात कोणी काही विचारलं तर ती नुसती हसायची, कारण तिथलं इंग्रजी कळायलाच तिला अर्धं मिनिट लागायचं.

रविवारी सकाळी ती घरी फोन करायची. पापडीत तेव्हा दुपार असायची. "जेवलीस का?" एवढं विचारून आई, मथुरा, डोळे पुसत रिसीव्हर बाबांकडे द्यायची. आणि बाबा, म्हणजे आत्माराम, मुळातच अबोल. "बरं आहे ना? बरं." की संपलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी संपदा फोनवर नुसतीच मुसमुसत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मी परत येऊ?"

आत्मारामने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणापलीकडे शेजारचा फ्रेडरिक कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"अगं बाय, इथे काय झालंय माहीत आहे का?" तो म्हणाला. "फ्रेडरिकने नाताळासाठी टर्की आणलाय. हा एवढा. काल त्या टर्कीने दूधवाल्या श्रीपतला स्कूटरसकट चर्चपर्यंत पळवलं."

मुसमुसणं थांबलं. "स्कूटरसकट?"

"मग. फ्रेडरिक त्याला फौजदार म्हणतो. बाकीचं पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी फौजदाराने मथुराची वालाची रोपं खाल्ली. त्याच्या पुढच्या रविवारी तो मिसाच्या प्रार्थनेच्या वेळी चर्चच्या दारात उभा राहिला आणि फादरनाच आत सोडेना. संपदा हे सगळं स्वयंपाकघरात मोडक्या इंग्रजीत सांगू लागली. शब्द अडला की हातात डाव घेऊन मान पुढे काढून चालून दाखवायची. ग्रीसहून आलेली एलेनी हसून हसून खाली बसायची. हळूहळू रविवारी फोन झाला की सगळ्या जणी कॉफी घेऊन तिची वाट पाहू लागल्या. कोणीतरी भोंग्यावर टॉवेल बांधला आणि वरणाला फोडणी मिळाली.

डिसेंबरात मात्र सगळ्यांना एकच काळजी लागली. नाताळाला त्याला कापणार? एलेनीने अर्ज लिहिला, खाली सहाही जणींनी सह्या केल्या. चोवीस तारखेला संपदाने थेट फ्रेडरिककडे फोन लावला.

"फ्रेडरिककाका, नाताळच्या शुभेच्छा. एक विनंती आहे. फौजदाराला कापू नका."

फ्रेडरिक गडबडला. "मी कुठल्या फौजदाराला कापतोय, बाय?"

"तुमचा टर्की. बाबांनी सगळं सांगितलंय. आम्ही सहा जणींनी सह्या केल्यात."

फ्रेडरिकने अंगणात नजर टाकली. चौदा कोंबड्या आणि एक लंगडं बदक. "सह्या केल्यात म्हणतेस? मग नाही कापत."

रिसीव्हर ठेवून तो कुंपण ओलांडून वाडीत शिरला. आत्माराम केळीची सुकी पानं छाटत होता.

"आत्माराम, माझ्याकडे टर्की आहे?"

आत्मारामने कोयता खाली ठेवला. "आहे. ऑक्टोबरपासून." मग मान खाली घालून म्हणाला, "पोरगी रडत होती रे. दुसरं काही सुचलं नाही."

फ्रेडरिक बांधावर बसला आणि त्याने पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं. "आणि मी? मी त्याला घाबरतो की नाही?"

"थोडासा घाबरतोस."

"ते बदल," फ्रेडरिक म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी तोही फोनपाशी येऊन बसू लागला.

पुढच्या सप्टेंबरात संपदा परत येणार असं कळलं, तेव्हा दोघांचं धाबं दणाणलं. चार गावं पालथी घातल्यावर आगाशीच्या प्लासिडकडे एक टर्की मिळाला. पण तो निघाला भलताच भित्रा. कोंबडी अंगावर आली की पंपाच्या खोपीमागे जाऊन लपायचा.

संपदाने आल्या आल्या बॅग ओसरीवर टाकली आणि ती कुंपणाकडे धावली. तिला पाहून फौजदार खोपीमागे पळाला.

"म्हातारा झालाय आता," फ्रेडरिक घाईने म्हणाला.

"वर्षाच्या आत?"

तिने बाबांकडे पाहिलं. आत्माराम एका घडाकडे फार बारकाईने पाहत होता. मागे मथुरा तोंडाला पदर लावून हसत होती. संपदाला सगळं कळलं. तिचे डोळे भरून आले. तिने कॅमेरा काढला. "काका, त्याला जरा रागाने उभा करा. एलेनीला फोटो पाठवायचाय."

तो काही रागावेना. अर्धा तास दोघं त्याच्यामागे धावले. शेवटी फोटो निघाला त्यात आत्माराम पंचा उगारून, डोळे वटारून पुढे आलाय आणि मागे टर्कीची शेपटी तेवढी दिसतेय.

संपदाने तोच पाठवला. खाली लिहिलं, "पुढे आहेत ते माझे बाबा."