मल्लेश्वरमची उघडी झडप

मान जरा वर करा. पंखा नव्हे हो, त्याच्या अलीकडे. दाराची चौकट जिथं संपते, तिच्या डोक्यावर. दिसले? तीच मी. दारावरची झडप. घरातली माणसं मला व्हेंटिलेटर म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम म्हणाल तर भोकाचं.

मल्लेश्वरमच्या या घरात मी हॉल आणि मधली खोली यांच्यामध्ये बसले आहे. सुतारानं सागवानी चौकट केली, तिच्यात काच घातली, दोन बाजूंच्या खिळ्यांवर मला आडवी तोलली आणि खाली दोरी सोडली. दोरी ओढली की मी उघडायचे, सोडली की मिटायचे. तेव्हा सडपातळ होते, नुसत्या वाऱ्यानं डुलायचे. आता चाळिशी उलटली. अंगावर ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की माझी खरी कंबर कुठं होती ते मलाच आठवत नाही.

त्या रंगानंच घात केला. एका दसऱ्याआधी रंगारी आला तेव्हा मी जरा तिरकी उघडी होते. त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खिळ्यांसकट रंगवून तो गेला आणि मी तशीच वाळले. तेव्हापासून ना धड उघडी, ना धड बंद. वरच्या अंगाला हात जाईल एवढी फट कायमची राहिली.

या घराचे मालक विश्वासराव. यांचे पूर्वज म्हणे कितीतरी पिढ्यांपूर्वी घोड्यावर बसून, तलवारी लावून इकडे आले. असतील बाई. पण त्यांचा हा वंशज पारा जरा खाली आला की माकडटोपी घालतो, तिच्यावर मफलर गुंडाळतो, आणि पायमोज्यांवर चपला चढवून कॉफी प्यायला बसतो. बेंगळूरची थंडी ती केवढी. हिमाचलातल्या माझ्या बहिणी ऐकतील तर हसून त्यांच्या काचा निखळतील. पण डिसेंबरात समुद्राकडून एखादं वादळ सरकलं, दिवसभर भुरभुर पाऊस लागला आणि लाल फरशी बर्फागत झाली, की इथल्या माणसाला तीच थंडी कडाक्याची. आणि त्या सगळ्या थंडीचा दोष एकटीचा. माझा.

विश्वासरावांनी मला बुजवायला काय काय केलं. पेपराची घडी कोंबली, ती त्यांच्याच डोक्यावर पडली. जुनी उशी कोंबली, तिच्यात चिमणीनं संसार मांडला. त्यांच्या बायको भाग्यलक्ष्मी, त्या खालून म्हणायच्या, "रीऽ, सोडा तिला. स्वल्प वारा आला तर मरत नाही कुणी." इथल्या जुन्या मराठी बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात, रीऽ. त्या एका शब्दात प्रेम, कंटाळा आणि हुकूम तिन्ही बसतं. अहोमध्ये ती सोय नाही.

गेल्या वर्षी त्यांची लेक रक्षिता बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण. मुलगी झाली. दवाखान्यातून दोघी घरी आल्या आणि त्याच आठवड्यात ते वादळ आलं.

भाग्यलक्ष्मींनी मधली खोली ताब्यात घेतली. बाळंतिणीची खोली म्हणजे काय ते मी वरून पाहिलं, म्हणून सांगते. रक्षिताच्या कानांत कापूस, डोक्याला स्कार्फ, अंगात नवऱ्याचा स्वेटर. ही पोरगी एरवी एका मोठ्या ऑफिसात बारा माणसांना कामाला लावायची. आता तिला स्वतःचं नाक शिंकरायला आईची परवानगी लागत होती. बाळ तर दुपट्यांत इतकं गुंडाळलेलं की त्यातून फक्त एक नाक बाहेर, आणि ते नाक विश्वासरावांचं होतं, बिचारी.

आणि रोज न्हाणं झालं की शेगडी. लोखंडी घमेल्यात कोळशाचे निखारे, वर ओवा, लसणीच्या साली, थोडी सांब्राणी, म्हणजे इथला ऊद. ती खाटेजवळ ठेवायची, माय-लेकींना शेक द्यायचा, धुरी द्यायची. पुरुषांना आत मज्जाव. मग विश्वासराव काय करायचे? खुर्ची ओढून बरोबर माझ्याखाली, हॉलमध्ये बसायचे. ऊब आणि ओव्याचा धूर माझ्या फटीतून बाहेर पडायचा आणि यांच्या चोंदलेल्या नाकाला फुकटात शेक मिळायचा. डोळे मिटून, तोंड वर करून बसलेले असायचे, जणू देवाची आरती चालू आहे. आयुष्यभर मला शिव्या दिल्या, पण ते चार दिवस आमचं फार छान जमलं.

आता जावई. नाव ईशान. मूळचा पुण्याचा, राहायला बेंगळूरच्याच दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये. कंपनी अशी की माणसानं मोबाइलवर बोट टेकवलं की कुणीतरी भिजत जाऊन त्याला गरम कॉफी देतं. पोरगा वाईट नाही. बायको-मुलीसाठी जीव टाकणारा. फक्त प्रेम आलं की तो काहीतरी ऑर्डर करतो.

शनिवारी तो आला तो पिशवीभर सामान घेऊन. खोलीत उभा राहून म्हणाला की इथं चारी बाजूंनी वारा येतो, बाळाला सर्दी होईल. मग खिडक्यांच्या कडांना त्यानं रबरी पट्ट्या लावल्या. दाराच्या चौकटीला आतून लावल्या. त्या इतक्या जाड की दार नुसतं लोटलं तर परत उघडायचं. वरची कडी घातली तरच बसायचं. शेवटी शिडी लावून तो माझ्याकडे आला. इतक्या जवळून कुणा तरुण माणसानं माझ्याकडे कैक वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणून मी जरा सावरून बसले. त्यानं माझ्या फटीत फोमचा लांब तुकडा दाबून बसवला आणि वर चिकटपट्टी मारली. माझं तोंड बंद करणारा पहिला पुरुष.

खाली भाग्यलक्ष्मी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत होता. हे त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं. पण जावयानं हौसेनं केलेल्या कामाला नाही म्हणायची या घरात रीत नाही. जावयानं खीर खारट केली तरी दुसरी वाटी मागायची. त्या म्हणाल्या, "फार छान झालं. आता कशी ऊब राहील."

आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. शेगडीची. आल्या आल्या पहिल्याच दिवशी ईशाननं धुराचा वास घेऊन नाक मुरडलं होतं, लहान बाळाला धूर बरा नाही असं काहीतरी पुटपुटला होता. तेव्हापासून तो असला की शेगडी मागच्या अंगणात, पत्र्याखाली दडवलेली. तो गेला की परत आत. रक्षितालाही सांगून ठेवलं होतं, नवऱ्याला बोलू नकोस, उगाच मन दुखवायचं कशाला.

म्हणजे बघा. जावयाला ठाऊक नाही की खोलीत निखारे असतात. सासूला वाटतं, पट्ट्या नि फोम म्हणजे पोराचा खेळ, त्यानं काय होतंय. दोघं एकमेकांशी इतकी गोड वागत होती की मला वरून काळजी वाटायला लागली. आणि माझ्या तोंडात बोळा.

सोमवारी ईशान कामावर गेला. थंडी वाढली होती. न्हाणं झालं. भाग्यलक्ष्मींनी शेगडी आणली, आणि गारठा जास्त म्हणून निखारेही जास्त घातले. रक्षिताला म्हणाल्या, मी आठव्या क्रॉसच्या बाजारात जाऊन शेपू घेऊन येते, दूध यायला चांगला असतो, तू मागून कडी घाल, नाहीतर दार राहत नाही. रक्षितानं कडी घातली, बाळाला पाजलं, आडवी झाली.

खोली छान तापली. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी थंडीबद्दल बोल लावला नव्हता.

विश्वासराव ठरल्याप्रमाणे खुर्ची ओढून माझ्याखाली बसले. तोंड वर केलं. डोळे मिटले. वाट पाहिली. काही नाही. ना ऊब, ना ओवा. त्यांनी माकडटोपी नाकावरून वर केली. तरी काही नाही. मग कुरकुरले की आज शेगडी दिली नाही वाटतं. पण बायकोला चिमट्यानं निखारे आत नेताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

ते उठले आणि दाराला कान लावला. आत ना बोलणं, ना बाळाची किरकिर.

"रक्षी," त्यांनी हाक मारली. "झोपलीस का गं?"

थोड्या वेळानं आवाज आला. दारू प्यायलेल्या माणसासारखा. "अप्पा... डोकं फार दुखतंय. उठायला बघते, पायच उचलत नाहीत."

"कडी काढ."

"नाही जमत."

"बाळ?"

आतून नुसती खाट करकरली.

घोड्यावरच्या पूर्वजांचं मला माहीत नाही. पण गुडघे धरून जिना चढणारा हा माणूस कोपऱ्यातलं स्टूल ओढून, खुर्चीच्या आधारानं त्यावर चढून एका दमात माझ्यापर्यंत आला. हातात त्याची काळी छत्री, वाकड्या मुठीची. माझ्याकडे त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही. छत्रीच्या टोकानं माझ्या काचेवर घाव घातला. एकदा, मग आणखी एकदा. मी गेले. म्हणजे काच गेली, आणि तिच्याबरोबर फोम, चिकटपट्टी, सगळं. आतली कोंडलेली तप्त हवा माझ्यातून भसकन बाहेर आली, ती त्याच्या तोंडावर.

मग त्यानं छत्री उलटी धरली, हात खांद्यापर्यंत माझ्या चौकटीतून आत घातला आणि मुठीनं वरची कडी चाचपायला लागला. काचेच्या टोकांनी बाही फाटली, दंड कापला. मी काय करणार. शक्य असतं तर टोकं आत ओढून घेतली असती. कडी मुठीत आली, सुटली, परत आली. मग निघाली, आणि त्या जाड रबरानंच दार धाडकन आत ढकललं.

त्यानं आधी बाळाला उचललं, थेट बाहेर व्हरांड्यात नेलं, भुरभुर पावसाच्या गार वाऱ्यात. ज्या वाऱ्यापासून तिला आठवडाभर लपवलं होतं त्यात. दुपटी सोडली. बाळ लुळं पडलेलं होतं, रंग नको तसा. इथून मला सगळं दिसत नव्हतं, त्याची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ हलत नव्हती.

मग बाळ रडलं. आधी मांजराएवढं, मग असं की शेजारच्या घरातली माणसं धावत आली. त्यांनीच रक्षिताला उचलून बाहेर आणलं, आणि त्यांच्याच गाडीतून सगळ्यांना दवाखान्यात नेलं.

दोघी वाचल्या. डॉक्टरांनी सांगितलं, कोळशाचा वायू. वास नाही, रंग नाही, बंद खोलीत माणसाला झोपवतो तो उठू देत नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून ते थांबले.

घरी आल्यावर हॉलमध्ये जी सभा भरली ती मी बिनकाचेची, स्वच्छ ऐकली. ईशाननं सुरुवात केली की एवढ्याशा खोलीत कोळसा कोण पेटवतं. भाग्यलक्ष्मींनी सांगितलं की आमच्या घरात सगळी बाळं त्याच शेगडीवर वाढली, काही झालं नाही, पण तेव्हा कुणी खोलीला रबर लावत नव्हतं. तो म्हणाला, रबर लावताना तुम्ही छान म्हणालात. त्या म्हणाल्या, तुम्ही धुराला नाक मुरडलंत, म्हणून लपवली. आवाज चढत गेले. विश्वासराव दंडाला पट्टी बांधून बसले होते.

रक्षिता भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तुम्ही दोघांनी एकमेकांचं मन राखलंत. आणि मला डब्यात भरून झाकण लावलंत."

ईशान उठला आणि नखांनी दाराच्या पट्ट्या सोलायला लागला. भाग्यलक्ष्मींनी पाहिलं, उलथनं आणलं, दुसऱ्या बाजूनं त्याही सोलायला बसल्या.

दोन दिवसांनी सुतार माझं माप घ्यायला आला. मी मनातून खूश झाले होते. नवी काच, निदान थोडं तारुण्य. पण विश्वासरावांनी त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. म्हणाले, काच बसवली की कुणीतरी ती बंद करायला जातं, आमच्या घरातली माणसं मी ओळखतो. माझ्या चौकटीला मच्छराची जाळी ठोकली, झालं. आता ना काच, ना दोरी. कंबरेचा प्रश्नच मिटला.

या वर्षीही डिसेंबरात गारठा पडलाच, आणि रक्षिता लेकीला घेऊन पुन्हा माहेरी राहायला आली. बाळाला गरम पाण्याची पिशवी असते, दोन दुपटी जास्त असतात, आणि शेगडी अंगणात पत्र्याखालीच राहते. विश्वासराव टोपीतून माझ्याकडे बघून अजून कुरकुरतात. त्याचं मला काही नाही, आमचं आता तसं नातं आहे.

गेल्या रविवारी ईशान एक मोठं खोकं घेऊन आला. खोलीत ठेवायचं म्हणाला, नवीन आहे, आपोआप तापमान राखतं, फक्त वरची ती जाळी झाकावी लागेल. आणि आशेनं सासूबाईंकडे बघायला लागला. विश्वासरावांनी पेपर खाली केला. रक्षिता भरवता भरवता थांबली. मी श्वास रोखला, जो मला मुळात नाही.

तर बायांनो, थंडीत घर ऊबदार ठेवा, मी कोण नको म्हणणार. खिडक्या लावा, पडदे ओढा, मला शिव्या घाला. पण मी जे त्या रविवारी ऐकलं ते तुमच्याही घरात एकदा होऊ द्या. भाग्यलक्ष्मींनी पदराला हात पुसले, खोक्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला म्हणाल्या,

"नको, ईशान."

तो जरा गोंधळला. मग इथल्या भाषेत "बरं" म्हणाला, "सरी, अम्मा," आणि खोकं उचलून परत गाडीत ठेवून आला.