आजोबांच्या गुडघ्याखालचं पाणी

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी, तंबू, ताडपत्र्या आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका शिंप्याचं दुकान होतं. दुकान लहान, पण कापायचं टेबल एवढं मोठं की गिऱ्हाइकाला भिंतीला पाठ घासत आत यावं लागायचं. वर्षातले अकरा महिने त्या टेबलावर कापड असायचं आणि एक महिना नदी.

म्हणजे असं, की दर वर्षी हा शिंपी आणि त्याचे तीन सोबती शनिवार-रविवार धरून नदीवर मासे पकडायला जात. प्रत्येकाची आपली कयाक, एकट्याने बसायची अरुंद नाव, जरा कलंडलं की उलटणारी. त्या दोन दिवसांची आखणी शिंपी महिनाभर करायचा. टेबलावर खाकी कागद अंथरून, बाही बेतावी तशी खडूने नदी बेतायचा. कुठे उतरायचं, कुठल्या डोहात गळ टाकायचा, शनिवारचा मुक्काम कुठल्या वाळूवर, सगळं कागदावर.

"लग्नाची बोलणी एका दुपारी उरकली होती तुमची," बायको म्हणायची. "आणि चार माशांसाठी महिना?"

"लग्नात बुडायची भीती नव्हती."

"असं तुम्हाला वाटलं," ती म्हणायची आणि डबा ठेवून जायची.

सोबत्यांत एक दातांचा डॉक्टर, एक प्लंबर आणि तिसरा शिंप्याचा साडू. हा साडू शाळेत खेळाचा शिक्षक. गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच नसेल तर त्याला उघड्यावर आल्यासारखं वाटायचं. शिंप्याला सगळे कप्तान म्हणत, कारण त्याची नाव सर्वांत पुढे. साडूची सर्वांत शेवटी. कोण मागे राहिलं, कोण पाण्यात पडलं, हे शेवटच्याने बघायचं असतं, म्हणून ती जागा भरवशाच्या माणसाची. अकरा वर्षं ती साडूची होती.

नदी देखणी होती. दोन्ही अंगांना उंच कडे, कड्यांवरून पाण्यावर वाकलेली झाडं, सकाळी धुकं उठायच्या आत गेलं तर बगळेसुद्धा जागचे हलत नसत. मधल्या वळणावर पाण्यात एक उंच खडक होता, काठी टेकून उभ्या म्हाताऱ्यासारखा. त्याला हे आजोबा म्हणत. पाणी किती आहे ते आजोबांच्या अंगावर बघायचं. गुडघ्यापर्यंत असलं तर खुशाल जावं, कमरेला आलं तर जपून, आणि छातीला लागलं तर नाव खांद्यावर घेऊन परत फिरावं. असला हिशोब ह्या चौघांखेरीज जगात कुणाला कळला नसता.

गेल्या वर्षी पाणी कमरेला होतं आणि आजोबांच्या पायाशीच कप्तानाची कयाक उलटली. खांदा लचकला. उलटलेली नाव सरळ करून पुन्हा तिच्यात चढणं त्याला जमेना, आणि तो वाहत गेला. साडूने गाठून काठाला ओढलं. वाळूवर खोकत बसला असतानाच डॉक्टरने अट घातली. "दोन मिनिटांच्या आत नावेत चढून दाखव, तर पुढच्या वर्षी कप्तान. नाहीतर वल्हं खुंटीला." बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. कप्तानानेही डोलावली. अट वाजवी होती.

मग आठ महिने, दर रविवारी सकाळी सात वाजता, तो गावातल्या पोहण्याच्या तलावावर जायचा. खोल बाजूला एक जुनी कयाक सोडायची, मुद्दाम उलटवायची, खालून बाहेर यायचं, ती सरळ करायची आणि पोटावर सरपटत आत चढायचं. वय छप्पन्न, खांदा कुरकुरणारा. काठावर साडू स्टॉपवॉच घेऊन उभा. पहिल्या रविवारी पाच मिनिटं लागली आणि कप्तान नाकातोंडात पाणी जाऊन बेजार झाला. पुढे आकडे उतरत गेले. साडेचार, साडेतीन, पावणेतीन. निघायच्या महिनाभर आधी साडूने वरून हाक दिली, "दादा, एक अठ्ठावन्न!" कप्तान तसाच ओल्या अंगाने जाऊन त्याच्या गळ्यात पडला होता. त्याच संध्याकाळी त्याने टेबलावर खाकी कागद अंथरला.

बेत चांगला रंगला. दर गुरुवारी दुकान बंद करून चौघे टेबलाभोवती बसत. प्लंबरने तर नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. "घरी नीट बघतो," म्हणाला. कप्तानाला कौतुक वाटलं. एरवी हा माणूस नळाची पावतीसुद्धा नीट बघत नसे.

त्यांची एक रीत होती. निघायच्या आधीच्या सोमवारी सगळ्यांनी आपापली लाइफ जॅकेटं कप्तानाकडे टाकायची. तो प्रत्येक शिवण ओढून बघायचा, पट्टे बदलायचा, बक्कलं तपासायचा. त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय जॅकेट पाण्यात जात नसे.

ह्याही सोमवारी तिन्ही जॅकेटं आली. आदल्या रविवारी साडू तलावावर आला नव्हता, शाळेची मॅच आहे म्हणाला होता. आठ महिन्यांत पहिली दांडी. म्हणून आधी त्याचंच जॅकेट कप्तानाने हातात घेतलं, आणि मनात म्हणाला, बिचारा, सुट्टीच्या दिवशीही पोरांमागे धावतो.

जॅकेट वरून कोरडं होतं. पण शिंप्याचा हात वरच्या कापडावर थांबत नाही. अस्तराच्या आत बोट घातलं तर फोम गार आणि दमट लागला. वर्षभर माळ्यावर पडलेल्या जॅकेटचा फोम दमट कसा? त्याने खिसा उलटा केला. टेबलावर चिमूटभर रेती पडली, तांबूस, उजेडात चकचकणारी. तशी रेती त्याने जन्मात एकाच नदीच्या काठावर पाहिली होती, आणि दर वर्षी आठवडाभर बुटांतून झाडली होती.

माणूस स्वतःला किती फसवतो बघा. त्याला आधी वाटलं, गेल्या वर्षीचीच असेल. पण गेल्या वर्षी नदीवरून आल्यावर हे जॅकेट त्यानेच उलटंपालटं करून धुतलं होतं. मग त्याने डॉक्टरचं जॅकेट उचललं. त्याला साबणाचा वास येत होता. अकरा वर्षांत डॉक्टरने जॅकेट कधी साबणाच्या पाण्यात बुचकळलं नव्हतं. लोकांचे दात स्वच्छ करणाऱ्याचं जॅकेट सर्वांत घाणेरडं, ही त्यांच्यातली जुनी चेष्टा होती. आणि प्लंबरच्या जॅकेटच्या पट्ट्याखाली माशाचा खवला चिकटला होता, ओला, नखाएवढा.

कप्तान स्टुलावर बसला. मशीनवर एका तंबूचं दार अर्धं शिवून लटकत होतं, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. हे लोक जाऊन आले होते. त्याच्याच नकाशावरून, त्याने बेतलेल्या वाळूवर मुक्काम करून. आणि आता तोंडं धुऊन, काही झालंच नाही अशा थाटात, पुढच्या शनिवारसाठी जॅकेटं तपासायला टाकून गेले होते. रीत म्हणजे रीत. गुन्हा करतानाही ती मोडायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि तिथेच ते सापडले.

डॉक्टरचं त्याला फारसं वाटलं नाही, प्लंबरचं तर नाहीच. पण साडू? ज्याच्या भरवशावर पाण्यात उलटं व्हावं, त्यानेच केसाने गळा कापावा? घरी जेवताना कप्तानाने भाकरी मोडून तशीच ठेवली. बायकोने विचारलं तर म्हणाला, खांदा दुखतोय. तिला काय सांगणार? तिच्या सख्ख्या बहिणीचं घर. आपलेच दात, आपलेच ओठ.

मंगळवारी त्याने तिन्ही जॅकेटं दुरुस्त केली. रागारागाने बसला होता खरा, पण वाईट टीप त्याच्या हातून पडत नसे. साडूच्या जॅकेटला नवा पट्टा घातला, दुहेरी शिवण मारली. बुधवारी दिवसभर फोनकडे बघितलं. कोणीतरी फोन करेल आणि सांगेल, असं त्याला वाटत होतं. वाजला तो एका ताडपत्रीवाल्याचा.

गुरुवारी तिघे आले. समोरून चहा आला. डॉक्टरने पेल्यात बघत सुरुवात केली.

"कप्तान, जरा गडबड आहे. वरच्या अंगाला पाऊस झालाय म्हणे. पाणी चढलंय. आजोबा छातीपर्यंत बुडाले असतील."

"कोण म्हणालं?"

"ऐकलं. ह्या वर्षी राहू दे, असं आमचं मत आहे. पुढच्या वर्षी बघू."

साडू शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत होता. कप्तानाने नकाशावरून हात फिरवला, खडूची भुकटी झटकली, आणि प्लंबरकडे वळून हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं, "आजोबांच्या उजव्या हाताला तो ओंडका अडकला होता, तो आहे का रे अजून?"

जगाची गळती थांबवणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या तोंडात तीळ भिजत नसे. "नाही हो, गेला तो वाहून," प्लंबर म्हणाला. "आता मोकळी वाट आहे. पाणी तर गुडघ्याच्याही खाली होतं, आम्ही आरामात..."

आणि मग त्याला कळलं. कान लाल झाले. डॉक्टरने पेला खाली ठेवला. किल्लीवाल्याच्या मशीनचा आवाज भिंतीपलीकडून येत राहिला.

"पुढे कोण होतं?" कप्तानाने विचारलं.

"साडूबुवा," प्लंबर हळूच म्हणाला.

"आणि शेवटी?"

"मागचं बघायला कोणीच नव्हतं." मग गप्प राहवेना म्हणून तो म्हणाला, "पण कप्तान, तुमचा नकाशा मात्र एकदम बरोबर होता हो. मुक्कामाची जागा तर फारच छान."

तो मनापासून म्हणाला होता, आणि ते जास्त लागलं. कप्तानाने दोघांच्या हातात दोघांची जॅकेटं दिली. डॉक्टर दारात घुटमळला, काही बोलणार होता, पण प्लंबरने त्याची बाही ओढली. साडू मात्र बसून राहिला.

"दादा, बोला काहीतरी. शिव्या घाला."

"अट तुम्ही घातली होती," कप्तान म्हणाला. "दोन मिनिटं. मी ती पाळली. एक अठ्ठावन्नला चढलो. मग माझं चुकलं कुठे, एवढं सांग."

साडूने मान खाली घातली. "नाही चढलात."

"काय?"

"चार मिनिटं लागतात तुम्हाला. त्या दिवशी चार बारा लागली होती. तुम्ही पाण्यातून डोकं काढून माझ्या तोंडाकडे असे बघायचात, की पहिल्यांदा एकदा थोडं कमी सांगितलं. मग पुढच्या रविवारी त्याहून कमी सांगावं लागलं. म्हटलं, हुरूप येईल, खरंच कमी होईल. नाही झालं. आणि तुम्ही गळ्यात पडलात. मी डॉक्टरला जाऊन खरं काय ते सांगितलं, तर तो म्हणाला, आपण आधी उरकून घेऊ, नंतर पाण्याचं कारण सांगू, त्याला लागणार नाही." तो थांबला. "गेल्या वर्षी तुमची पाठ दिसत होती नुसती, पाण्यावर. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं."

"मग तसं तोंडावर सांगायचंस."

"जीभ रेटली नाही, दादा."

"नदीवर जायला पाय बरे रेटले."

कप्तानाने त्याचं जॅकेट उचललं, पट्टा एकदा ओढून बघितला आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"पट्टा नवा आहे. अरे, घड्याळ तुझ्या हातात होतं म्हणून आठ महिन्यांत मी एकदासुद्धा ते बघायला मागितलं नाही. दुसरा कोणी असता तर मागितलं असतं." त्याने टेबलावरचा खडू उचलून डबीत टाकला. "रविवारी तलावावर येऊ नकोस."

साडू गेल्यावर त्याने खाकी कागदाची घडी केली. फाडून टाकावा असं मनात आलं, पण मागची बाजू कोरी होती आणि कागद चांगला होता. तो कागद त्याने इतर बेतांबरोबर फळीवर ठेवला.

शुक्रवार आणि शनिवार त्याने एका विचारावर काढले. साडू आठ महिने खोटं बोलला, तर गुरुवारी खरं बोलला कशावरून? चोरी पकडली गेल्यावर माणूस काहीही सांगतो. कशावरून एक अठ्ठावन्न खरं नसेल, आणि हे चार मिनिटांचं प्रकरण तोंड लपवायला रचलं नसेल? हा विचार त्याला फार आवडला. तसं असेल तर तो अजून कप्तान होता, आणि साडू एक लबाड माणूस होता, एवढंच. लबाड माणसाशी बोलणं टाकता येतं.

रविवारी सात वाजता तो तलावावर गेला. जीवरक्षक बाई नुकतीच येऊन शिडी पुसत होती. त्याने खिशातून घड्याळ काढून तिला दिलं.

"मी उलटलो की सुरू करा, आत बसलो की बंद करा. जो आकडा येईल तोच सांगा."

"दुसरा कुठला सांगणार?" ती म्हणाली.

त्याने कयाक उलटवली. खाली निळा, गार अंधार. बाहेर आला, नाव सरळ केली, छाती नावेच्या काठावर टेकली. खांद्याने दगा दिला, तो घसरला. पुन्हा टेकली. आजवर प्रत्येक वेळी वर काठावर एक माणूस उभा असायचा आणि त्याच्याकडे बघितलं की जोर यायचा. आज त्याने वर बघितलं नाही. दात आवळून, पाय झाडत, पोट खरवडत तो चढला. एवढ्या जिद्दीने तो कधी चढला नव्हता, हे त्याचं त्याला कळत होतं. तो नावेत बसला, श्वास घेतला आणि विचारलं, "किती?"

"चार मिनिटं नऊ सेकंद," बाई म्हणाली.

त्याने ओल्या हाताने घड्याळ मागून घेतलं आणि स्वतः बघितलं. चार मिनिटं नऊ सेकंदच होती. आठ महिन्यांत साडू त्याच्याशी एकदाच खरं बोलला होता, आणि नेमकं तेवढंच खोटं निघावं, अशी आशा धरून तो आज पाण्यात उतरला होता.